फिश टँकमधले मासे महिनाभरात का मरतात? धाराशिवच्या पाण्यात जास्त वर्षं जगणारे मासे कोणते?

घरामागच्या सिमेंटच्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडलेले असतात. राज्यातल्या इतर भागांप्रमाणे धाराशिव जिल्ह्यातही हिवताप-डेंग्यू रोखण्यासाठी हा उपाय वापरला जातो. त्या गप्पींना कुणी खाऊ घालत नाही. हौदाला फिल्टर नसतो, दिवा नसतो. तरी वर्षभराने डोकावलं तर मासे असतातच, उलट वाढलेले असतात.

त्याच घराच्या हॉलमध्ये मात्र वेगळं चित्र दिसतं. हौसेने आणलेली काचेची टाकी, निळे खडे, बुडबुडे सोडणारी मोटर, लाइट, सगळं असतं. आणि पंधरा-वीस दिवसांत एकेक मासा उलटा होऊन तरंगायला लागतो. मग कुणीतरी म्हणतं, "घरावर काहीतरी संकट येणार होतं, माशाने ते स्वतःवर घेतलं." वास्तुशास्त्र आणि फेंगशुईच्या नावाने आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवणाऱ्या घरांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने एक तोटा होतो. मासा कशाने मेला हे कुणी शोधतच नाही आणि पुढच्या रविवारी त्याच पाण्यात नवे मासे येतात.

हौदातला मासा जगतो आणि टाकीतला मरतो, याचं कारण बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं.

पहिल्या महिन्यात नेमकं काय होतं?

मासे सतत अमोनिया बाहेर टाकतात, त्यातला बराचसा कल्ल्यांमधून. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो माशांसाठी विष आहे. कल्ले जळतात, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. पाणी मात्र दिसायला स्वच्छ, काचेसारखं असतं. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही.

जुन्या टाकीत किंवा हौदात हे विष साठत नाही, कारण तिथे जिवाणू काम करत असतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा घातक आहे. ते रक्तात शिरलं की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि मासा भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं, त्याचा थोडा भाग शेवाळ आणि पाणवनस्पती वापरतात.

हे जिवाणू हवेतून-पाण्यातून आपोआप येतात, पण फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर पुरेशा संख्येने बसायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे टाकी शनिवारी येते आणि रविवारी त्यात दहा-बारा मासे पडतात. दहा-बारा माशांचा अमोनिया आणि तो पचवायला कुणीच नाही. मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात ते यामुळे. दुकानदाराने आजारी मासे दिले असा संशय येतो. कधी तो खराही असतो, पण नव्या टाकीत धडधाकट मासेही मरतात.

मग सुरुवात कशी करायची? टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून ती रिकामीच चालवा. खाद्य कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना खुराक मिळेल. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळकट स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. हे काम बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायची किट ऑनलाइन मिळतात. दोन्हीचं माप शून्यावर आलं की दोन किंवा तीन मासे आणा. बाकीचे पुढच्या काही आठवड्यांत थोडे थोडे.

बोअरच्या पाण्याची भानगड

धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. या खडकातून वर येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. नळाच्या तोंडावर आणि गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर तो हाच. असं पाणी सहसा थोडं अल्कधर्मीही असतं, त्याचा पीएच सातच्या वर असतो.

इथे अमोनियाचा धोका वाढतो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. तापमान २५ अंश आणि पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास. तापमान वाढलं की त्यात आणखी भर पडते. म्हणजे जितका कचरा मऊ पाण्याच्या टाकीत खपून जातो, तितकाच बोअरच्या पाण्यात, मे महिन्यात, माशाचा जीव घेऊ शकतो. इंटरनेटवर बघून "एवढ्या टाकीत इतके मासे चालतात" हा हिशोब इथे जसाच्या तसा लागू करू नये. थोडे कमीच ठेवावेत.

ताजं उपसलेलं बोअरचं पाणी थेट टाकीत ओतणंही धोक्याचं. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं, शक्य असेल तर त्यात हवेची नळी सोडली, की पाणी स्थिरावतं.

नळाच्या पाण्याचा प्रश्न क्लोरीनचा आहे. धाराशिव शहराला उजनीतून येणारं पाणी असो की गावातली नळयोजना, पाणी जंतुमुक्त करण्यासाठी त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते तेव्हा तर त्याचा वासच येतो. माणसाला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना चालत नाही. पाणी उघड्यावर २४ तास ठेवणं किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाकणं हे दोन सोपे उपाय आहेत.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की तिसरी अडचण येते. आजचा टँकर एका विहिरीवरून भरलेला, पुढचा दुसऱ्या बोअरवरून. क्षारांचं प्रमाण प्रत्येक खेपेला वेगळं. माशाच्या शरीराला आत-बाहेरच्या क्षारांचा तोल सतत सांभाळावा लागतो, त्यामुळे अचानक बदल त्याला झेपत नाही. नवं पाणी एका दमात न ओतता थोडं थोडं, तासाभरात मिसळलं तर धक्का कमी बसतो.

यावर अनेक जण शोधतात तो उपाय म्हणजे जारचं पाणी. "आपण पितो तेच शुद्ध पाणी माशाला" हा विचार प्रेमाचा आहे, पण आरओच्या पाण्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. क्षारच नसले की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. मोली, गप्पी यांना तर क्षार हवेच असतात. जारचं पाणी एका ठिकाणी मात्र खरंच उपयोगी आहे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. दर वेळी बोअरचं पाणी घालून ती पातळी भरली तर टाकीतलं पाणी महिन्यागणिक आणखी जड होत जातं. ही घट भरून काढायला आरओचं किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं.

रविवारची धुलाई

मासे मारणाऱ्या सवयींचा क्रम लावायचा तर ही पहिल्या नंबरला बसेल. रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, काही घरांत तर भांड्याच्या साबणाने काच धुवायची, आणि नवं पाणी भरून मासे परत सोडायचे. टाकी चकाचक दिसते. पण महिनाभर खपून बसलेले जिवाणू गटारात गेलेले असतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली असते. अमोनियाचा तोच फेरा दर आठवड्याला.

करायचं ते याहून कमी कष्टाचं आहे. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी नळीने तळाचा कचरा ओढत काढा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी घाला. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या त्या पाण्यात हलकेच पिळा.

पाणीटंचाईच्या जिल्ह्यात हा हिशोब महत्त्वाचा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला पूर्ण धुलाई म्हणजे महिन्याला २०० लिटर. पाव भाग बदलला तर सुमारे ५० लिटर. तेही वाया जात नाही, त्यात नायट्रेट असल्यामुळे तुळशीला, कढीपत्त्याला ते खतासारखं लागू पडतं. म्हणजे जी पद्धत मासा जगवते तीच पाणीही वाचवते.

जास्त खाद्य हाही त्याच फेऱ्याचा भाग. माशाचं पोट लहान असतं. दोन मिनिटांत संपेल इतकंच टाकावं. पाहुण्यांची मुलं बिस्किटाचा चुरा टाकतात, तो तळाशी जाऊन कुजतो. निरोगी मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. गावी जाताना शेजाऱ्याला डबी देऊन जाण्यापेक्षा न दिलेली बरी.

उन्हाळा आणि गेलेली लाइट

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. त्यात लाइट गेली की मोटर बंद. पत्र्याच्या खोलीत, दुपारी, गच्च भरलेल्या टाकीत मासे मरायला एवढं पुरतं.

बर्फाचे खडे ओतणं हा घाईचा उपाय आहे आणि तापमान झपकन उतरल्याने तोही माशाला आजारी पाडतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत याहून चांगली युक्ती आधीपासून वापरात आहे, माठाची आणि कूलरची. टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावरून लहान पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होतं. (मासा उडी मारणारा असेल तर वर जाळी हवी.) लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप उत्तम. तो नसेल तर मग्गा भरून वरून धार सोडत राहिलं तरी हवा मिसळते. लाइट काही तासांनी आली तर फिल्टर चालू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी फेकून स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळून घ्यावा. बंद फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपून जिवाणू मेलेले असतात आणि ती घाण थेट टाकीत येते.

हिवाळ्याचा त्रास उलटा. बालाघाटच्या पठारावर रात्री चांगल्याच थंड होतात. दिवस-रात्रीच्या फरकाने मासा कमजोर होतो आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. हा परजीवीचा आजार आहे. थर्मोस्टॅट असलेला हीटर लावून तापमान २५-२६ अंशांवर स्थिर ठेवलं तर तो बराच टळतो.

दुकानातून घरापर्यंत

शोभिवंत माशांचा देशातला मोठा व्यापार चेन्नईतलं कोळत्तूर, कोलकाता आणि मुंबई इथून चालतो. लहान शहरातल्या दुकानात पोहोचेपर्यंत मासा अनेकदा पिशवी बदलून, उपाशीपोटी प्रवास करून आलेला असतो. दुकानात आल्याच्या दिवशीच तो घेऊ नये. आठवडाभर तिथे टिकलेला, खाताना दिसलेला मासा घ्यावा. अंगावर इंजेक्शनने किंवा रसायनाने रंग चढवलेले मासेही मिळतात. पारदर्शक ग्लासफिश गुलाबी-हिरवा दिसला किंवा पॅरट फिशच्या अंगावर बदाम काढलेला असला तर तो रंग टोचलेला आहे. ते घेऊच नयेत.

घरी आल्यावर पिशवी बंद ठेवूनच १५ मिनिटं टाकीत तरंगू द्यावी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तिथला अमोनिया फारसा लागत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडल्यानंतर मासा जाळीने लगेच टाकीत घ्यावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

मग कोणता मासा घ्यायचा?

माशांच्या आयुष्यातला फरक थक्क करणारा आहे. आफ्रिकेतला टर्क्वाइज किलीफिश पावसाळी डबक्यात जन्मतो आणि काही महिन्यांत म्हातारा होऊन मरतो. दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातली मेथुसेला नावाची ऑस्ट्रेलियन लंगफिश आहे. ती १९३८ साली तिथे आली आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार तिचं वय नव्वदीच्या घरात होतं. आणि आपल्याकडे महिनाभरात मरणारा गोल्डफिश? इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. तो १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन मेला.

तरीही धाराशिवमध्ये पहिली टाकी घेणाऱ्याने गोल्डफिश घेऊ नये. तो थंड पाण्याचा मासा आहे, घाण जास्त करतो, १५ सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि गोल काचेच्या भांड्यात तर त्याचा छळच होतो. मोठी टाकी, जोरदार फिल्टर आणि थंड खोली असेल तर तो दहा-पंधरा वर्षं साथ देतो. त्यातही लांब शेपटाच्या, फुगीर पोटाच्या जातींपेक्षा साधा सडपातळ गोल्डफिश जास्त काटक.

दोन फुटी टाकी आणि बोअरचं पाणी असेल तर प्लॅटी, मोली, स्वोर्डटेल आणि गप्पी यांना पर्याय नाही. यांना जड, अल्कधर्मी पाणीच मानवतं. हौदातल्या गप्पींचं गुपित इथे आहे: पाणी त्यांच्या पसंतीचं, शेवाळ आणि जिवाणू मुरलेले, गर्दी कमी आणि खाद्याला अळ्या. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. एकेक गप्पी दोन-तीन वर्षांच्या वर क्वचित जगतो, गरम पाण्यात त्याहून कमी. हौदात दिसतात ती त्याची नातवंडं-पतवंडं. मोली आणि स्वोर्डटेल तीन ते पाच वर्षं काढतात. उत्तर भारतातलेच असलेले झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हेही काटक आहेत आणि चार-पाच वर्षं जगतात. त्यांना आपल्याकडची थंडी इतरांपेक्षा बरी सोसते.

एकच बेटा, म्हणजे फायटर, ठेवायचा असेल तर तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात टिकतो. आयुष्य दोन ते चार वर्षं. पण दुकानात पिसारा फुललेला नर दिसतो तेव्हा त्यातलं अर्धं वर्ष किंवा अधिक आधीच गेलेलं असतं.

लांब आयुष्य हवं आणि तीन-चार फुटी टाकीची तयारी असेल, तर या जिल्ह्याच्या पाण्याला सगळ्यात शोभणारे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड आहेत. त्या सरोवराचं पाणीच अल्कधर्मी आहे, पीएच आठच्या आसपास. त्यातला पिवळाधमक इलेक्ट्रिक यलो दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्यामानाने शांत असतो आणि सहा ते दहा वर्षं जगतो. जे पाणी निऑन टेट्राला मारतं ते याला घरचं वाटतं. निऑन आणि डिस्कस हे अॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्याचे मासे. निऑन चांगल्या पाण्यात पाच वर्षं जगतो, पण बोअरच्या पाण्यावर तो आणणं म्हणजे दर महिन्याला नवे विकत घेणं. एंजलफिश मधला मार्ग आहे: टाकीत पैदास झालेले एंजल बरंच सोसतात, दहा वर्षांपर्यंतही जगतात. त्यांना उंच टाकी हवी.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न दहा वर्षांच्या आसपास जगतात, मालकाला ओळखतात, हातातून खातात. ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला किमान २५०-३०० लिटरची टाकी लागते. चौथीतल्या मुलासाठी आणलेला ऑस्कर तो मुलगा शिकायला पुण्याला जाईल तेव्हाही घरीच असेल, आणि पाणी बदलायचं काम आईकडे. घेण्याआधी हे आईला विचारलेलं बरं.

दोन मासे लहान म्हणून विकले जातात आणि फसवतात. काच साफ करतो म्हणून घेतलेला बोटाएवढा सकर ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. "शार्क" म्हणून मिळणारा चंदेरी मासा म्हणजे मासळी बाजारात विकला जाणारा पंगस. तो मीटरभर वाढू शकतो. कुठल्याही घरगुती टाकीत त्याचं आयुष्य खुंटतंच.

असे मासे मोठे झाले की लोक ते तलावात, नदीत सोडून देतात, पुण्य समजून. सकर याच वाटेने देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, स्थानिक माशांची अंडी आणि खाद्य संपवतो, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. तेरणा, मांजरा, बोरी किंवा गावच्या पाझर तलावात टाकीतला कुठलाही मासा सोडू नये. टाकी बंद करायची झाली तर मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा टाकी असलेल्या दुसऱ्या घराला. बरेच दुकानदार मोठा, निरोगी मासा परत घेतात. आधी फोन करून विचारावं आणि नेताना पिशवीत त्याच्याच टाकीतलं पाणी भरावं.